भोगीपर्यंतची मुदत

आबा कुठंही गेले की आधी माणसं मोजायचे. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकड्यासमोर, कॉलनीच्या मीटिंगमध्ये. दारात उभं राहून हनुवटी बारीक हलवत मोजायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. "अकरा हाईत. तीन कमी." कुणी विचारलेलं नसायचं. सहा वर्षांचे असल्यापासून ते वडलांच्या मेंढरांमागं चाललेले, फर्दापूरच्या घाटापासून खाली पार गोदावरीपर्यंत. पुढं जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागले, पेन्शनीत निघाले, तरी मोजायची खोड काही गेली नाही. घरचे पाहुणे जेवून निघाले की गेटाशी उभे राहून सुनेला सांगायचे, "सात आल्ते, सात गेले. बेस झालं."

दुसरी खोड बसायची. अंगात धोतर-सदरा, खांद्यावर घडी घातलेली काळी घोंगडी, आणि पायात मुलानं वाळूजच्या कंपनीतून आणून दिलेले लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. मे महिन्यातसुद्धा हाच थाट. बसायचे तेही उकिडवे, काठीला धरून. बूट काढायचे नाहीत, घोंगडी खाली ठेवायचे नाहीत. मी कितीदा म्हटलं, "आबा, जरा ऐसपैस मांडी घालून बसा की." तर म्हणायचे, "बसलो की." आणि पुन्हा तसेच, कुणीतरी आत्ता येऊन 'चला' म्हणणार असल्यासारखे. मला आपलं वाटायचं, गुडघे दुखत असतील.

पडेगावात आमची चौदा घरांची गल्ली आहे. माझं सहा नंबर, आबांच्या मुलाचं नऊ. गल्लीच्या शेवटाला नकाशात 'ओपन स्पेस' म्हणून दाखवलेली जागा. नकाशात ती हिरवी रंगवलेली आहे. प्रत्यक्षात तिथं कमरेइतकं गाजरगवत, बांधकामाचा राडारोडा, गणपतीच्या मांडवाचे मोडके बांबू, एक फुटका कमोड आणि एक बोराचं झाड. आबा रोज सकाळी चहा घेऊन त्या बोराखाली जाऊन बसायचे ते जेवायलाच उठायचे. मुलाचं घर मोठं छान, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. "पायाला माती म्हणून लागत नाय तितं," असं म्हणायचे. त्या कमोडाशेजारी ते इतक्या इभ्रतीनं बसलेले असायचे की येणारा-जाणारा आपण होऊन रामराम घालायचा.

गणपती उठल्यावर मीटिंग झाली, तीत अध्यक्षांनी विषय काढला. आमचे अध्यक्ष म्हणजे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले साहेब. कुणी शिंकलं तरी इतिवृत्तात लिहून ठेवतील असा माणूस. ते म्हणाले, "ओपन स्पेस साफ करून सिमेंटचे गट्टू बसवून घेऊ. गाड्यांची सोय होईल. चिखल नको, साप-विंचू नकोत." माना डोलल्या. आबा दारातच उभे होते.

"मग म्या कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

"एक सिमेंटचं बाकडं ठेवू की आबा तुमच्यासाठी."

आबा खाली पायातल्या बुटांकडं बघत राहिले. आणि माझं डोकं फिरलं. माझा स्वभावच असा आहे, आधी बोलते आणि मग आपण काय बोललो ते ऐकते. म्हटलं, "गट्टू कशाला? गल्लीत उघडी माती ती तेवढीच राहिलीय. तिथं भाजी लावू."

"लावणार कोण?" अध्यक्षांनी पेन सरसावलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी लासूर स्टेशनकडची, शेतकऱ्याची लेक. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच प्रत्येक हळदीकुंकवाला सांगत आले होते. न सांगितलेलं एवढंच, की दहाव्या वर्षी मला होस्टेलात टाकलं, तिथून मी थेट कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी येऊन बसले. कपाशी आणि तुरीतला फरक मला कपाशी फुटल्यावरच कळतो. पण चौदा घरांसमोर हे कसं सांगणार? म्हटलं, "मी लावीन."

"म्या हाय की संगं," आबा दारातून म्हणाले. "पाटलीणबाई हाईत, म्हंजी काळजी नाय."

आम्ही काही पाटील नव्हे. पण जिच्या माहेरी जमीन ती आबांच्या लेखी पाटलीण. मलाही एकदम धीर आला. चला, म्हटलं, जन्म रानात काढलेला माणूस सोबत आहे, आपण नुसतं खुरपं धरून मागं मागं राहायचं.

अध्यक्षांनी अट घातली. मुदत भोगीपर्यंत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ह्या जागेतून चौदाही घरांना भोगीची भाजी पोचली, तर जागा भाजीला. एक घर जरी राहिलं, तर संक्रांत झाली की गट्टू. हे त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. आबांनी सही करायच्या आधी पुन्हा एकदा माणसं मोजली.

गाजरगवत उपटण्यात पंधरा दिवस गेले. कचेरीला जायच्या आधी दीड तास आणि रविवारी अख्खी सकाळ. माझ्या हाताला फोड आले, ते मी साडीच्या पदरात लपवले, कारण पाटलीणबाईंच्या हाताला फोड येत नसतात. आबांचं उपटणं वेगळंच. प्रत्येक झुडपापाशी थांबून ते निकाल द्यायचे. "हे मेंढी खाती. हे नाय खात. हे खाती, पण मग हागवण लागती." त्यांच्या दृष्टीनं सृष्टीचे हे तीनच भाग.

जमीन मोकळी झाली तेव्हा आबा म्हणाले, "आता मेंढरं बसवू." मला वाटलं, काहीतरी बोलण्याची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी दौलताबादच्या रस्त्यानं त्यांचा चुलतपुतण्या ऐंशी मेंढरं घेऊन गल्लीत शिरला. लेंड्या आणि मुताचं खत म्हणून मेंढरं रानात बसवायची रीत मी ऐकून होते, पण ती आपल्या गल्लीत, गाड्यांच्या मधून, बघायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. चार दिवस दुपारभर मेंढरं ओपन स्पेसमध्ये बसली. वास असा की दोन नंबरवाल्यांनी खिडक्या लावून एसी चालू केला. जाता-येता मेंढरांनी अध्यक्षांच्या बायकोच्या, म्हणजे मॅडमच्या, कुंड्यांतली शेवंती बुडापासून साफ केली. मॅडम एक रिकामी कुंडी घेऊन तणतणत आल्या.

आबांनी कुंडीत बोट घालून माती दाबून बघितली. म्हणाले, "मेंढीनं बुडापतुर खाल्ली. म्हंजी शेवंती लई चांगली व्हती."

मॅडमनी कुंडी उचलली. त्या तशाच परत गेल्या आणि पुढं दोन महिने आबांशी बोलल्या नाहीत.

पाण्याचं म्हणाल, तर आमच्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा सणच असतो, त्यामुळं नळाचं पाणी भाजीला घालायची सोय नाही. आबांनी घरोघर सांगितलं, तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, दाराशी बादलीत ठेवा. रोज अकराच्या सुमाराला ते बादल्या गोळा करायचे आणि पाण्याकडं नुसतं बघून गल्लीची बातमीपत्रं काढायचे. "सात नंबरात आज मसूर हाय. बारा नंबरात पाव्हणे आल्यात, तांदूळ दुप्पट धुतलाय." एकदा अध्यक्षांची बादली रिकामी होती. आबा खुशाल बेल वाजवून आत विचारून आले, "सायेब, आज उपास हाय का भांडण?" भांडण होतं. त्या दिवसापासून अध्यक्षांची बादली कधी रिकामी राहिली नाही.

लावणीचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. मी वांग्याची रोपं आणली, घेवडा आणला, हरभरा, गाजराचं बी, धने. कुठलंही काम करताना मी आबांकडं बघायची. आबा माझ्याकडं बघायचे. मी म्हणायची, "असंच ना आबा?" आबा घशातून "हम्म" करायचे. ते म्हणायचे, "बराबर ना पाटलीणबाई?" मी मान हलवायची, कारण मला वाटायचं हा म्हातारा माझी परीक्षा घेतोय. धने आम्ही अख्खेच्या अख्खे टाकले, आणि तीन आठवडे काही उगवलं नाही. गाजराचं बी मी आधी घरी ट्रेमध्ये लावलं आणि बोटभर रोपं झाल्यावर उपटून वाफ्यात नेऊन लावली, वांग्यासारखीच. आबा शेजारी उभं राहून गंभीरपणे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, काम अगदी पद्धतशीर चाललंय.

हरभऱ्यानं मात्र आमचं भांडण लावलं. वीतभर झालेला, पोपटी, डोळे निवावेत असा हरभरा. एके सकाळी जाऊन बघते तर आबांनी पुतण्याकडून एक मेंढी आणून दोरीनं धरून त्यात सोडलेली, आणि ती शेंडे मटामट खातेय. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबांनी शांतपणे मेंढी पुढच्या ओळीत नेली. "दम धरा. शेंडा खाल्ला की हरभरा फुटतो. रानवाले सोता आमाला बोलवायचे ह्यासाठी." मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात एकेका झाडाला असे फाटे फुटले की वाफ्यातली माती दिसेना. सकाळी पानांवर आंब, म्हणजे आंबट दंव, धरायची, ती आबा बोटानं चाटायचे आणि म्हणायचे, "चालंल." त्यांच्या तोंडून ह्याहून मोठी तारीफ मी कधी ऐकली नाही.

आता आबा इथं नाहीत. मुलाची बदली चाकणला झाली, तसं घर भाड्यानं देऊन सगळे तिकडं गेले. दर रविवारी फोन येतो. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. "किती उगवलं?" एवढंच. मी आकडा सांगितला की "चालंल" म्हणून फोन ठेवतात. सुनेनं सांगितलं की चाकणच्या सोसायटीत सातव्या मजल्यावरून ते पार्किंगमधल्या गाड्या मोजतात, आणि संध्याकाळी एखादी परत आली नाही तर वॉचमनला जाऊन विचारतात.

पण मी सांगत होते त्या वर्षाचं. डिसेंबरात वांग्यांनी दगा दिला. झाड बाकी हिरवंगार, पण शेंडे माना टाकून वाळायला लागले. रोज चार-पाच. भोगीला महिना उरलेला. मी रोज सकाळी आबांकडं बघत उभी राहायची, की आता हे काहीतरी सांगतील. आबा काठीला टेकून माझ्याकडं बघत उभे. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी खुरपं टाकून दिलं.

"आबा, सांगा ना आता काय करायचं ते. किती परीक्षा घ्याल? मला काय कळतंय त्यातलं?"

आबांची हनुवटी हलायची थांबली. "म्हंजी? तुमी लासूरच्या ना?"

"लासूरचीच. पण दहाव्या वर्षापासून होस्टेलात. मी आयुष्यात मिरचीचं रोपसुद्धा लावलेलं नाही."

"आन मग म्या इतके दिस कुणाच्या तोंडाकडं बघत व्हतो?"

"आणि मी कुणाच्या? तुमचा तर जन्म रानात गेलाय."

"रानात गेला," आबा म्हणाले. "पाटलीणबाई, म्या जल्मात एक दाणा पेरला नाय. वावर रिकामं आसलं की आमाला बोलवायचे, मेंढरं बसवा म्हणून. खत झालं की पेरणी. पेरणी आली की उठा, फुडल्या गावाला चला. कंदी कुणी हरभऱ्याचे शेंडे चारायला बोलवलं तर दोन घटका, की निगा. ज्या वावरात आमी खत घातलं, तितं काय आलं ते आमी कंदी बघितलं नाय. म्हणून तर म्या हितं सही केली. एकदा तरी बघावं म्हटलं."

तेव्हा मला त्यांचे बूट कळले. डोळे भरून आले, आणि त्याच वेळी आमच्या वाफ्याकडं बघून हसूही आवरेना. अख्खे धने, उपटून लावलेली गाजरं, एकमेकांच्या तोंडाकडं बघत केलेली शेती. आधी मी हसले. मग आबा हसले, मोठ्यांदा, खांदे हलवत. बोरावरचे पक्षी उडाले. मी त्यांना हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मी कचेरीला दांडी मारली. वाळका शेंडा पिशवीत घालून आम्ही दोघं छावणीच्या बाजारात गेलो. आबा अर्थात चालत, म्हणून मीही चालत. एका भाजीवाल्या मावशीला शेंडा दाखवला. तिनं तो नखानं चिरला, आतली अळी दाखवली आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शेंडे मोडा, लांब नेऊन जाळा, रोज बघत जा. एवढं बी ठावं नाय व्हय?" आबा म्हणाले, "नाय." मीही म्हटलं, "नाही." किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग धने रगडून त्यांच्या दोन डाळ्या करून टाकायच्या असतात, गाजर कधी उपटून लावायचं नसतं, हे सगळं तिनं आम्हाला तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, सुनावलं.

भोगीच्या सकाळी आठला अध्यक्ष वही घेऊन हजर. मागं गल्लीतली बहुतेक घरं. आबांनी ओपन स्पेसच्या तोंडाशी उभं राहून मोजलं आणि पहिल्यांदाच आकडा मोठ्यानं सांगितला नाही. बोराखाली मी वर्तमानपत्रं अंथरली आणि आम्ही वाटे घालायला लागलो. हरभऱ्याचे घाटे भरपूर. बोरं झाडाचीच. घेवडा ओंजळ-ओंजळ. वांगी वाचली तेवढी. आणि गाजरं.

अध्यक्षांनी एक गाजर उचललं. उलटंसुलटं केलं. त्याला दोन पाय होते, आणि एक पाय दुसऱ्यावर टाकलेला. दुसरं उचललं, त्याला तीन. एकही गाजर सरळ नव्हतं.

चार नंबरच्या वहिनी मागून म्हणाल्या, "काल छावणीतून आणून ठेवलं नसेल कशावरून?"

"वहिनी," अध्यक्ष गाजर वर धरून म्हणाले, "असलं गाजर बाजारात कुणी विकायला तरी मांडेल का?"

सगळे हसले. मला आयुष्यात कुठल्या चुकीचा इतका अभिमान वाटला नव्हता. पण आबा हसले नाहीत. ते वाटे मोजत होते. एकदा मोजले, दुसऱ्यांदा बोट लावून मोजले. टोपली रिकामी झाली होती.

"तेरा हाईत," ते म्हणाले. "एक कमी."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, की जरा इकडचं तिकडं करू, गप्प राहा. पण मोजण्यात खोटं बोलणं आबांना येत नव्हतं. "ऱ्हायलेलं घर माजंच," ते म्हणाले. "म्या खाईन बोरं."

"आबा, तसं नाही चालत," अध्यक्ष खाली वहीकडं बघत म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "अट चौदा घरांची आहे. लिहिलेलं आहे."

आबांनी काठी हातात घेतली. ज्या तऱ्हेनं घेतली, ती निघायची तऱ्हा होती.

तेवढ्यात मॅडम पुढं आल्या. त्याच, शेवंतीवाल्या. आपल्या वाट्यातलं एक वांगं उचललं, मूठभर घाटे उचलले, आणि मोकळ्या कागदावर नेऊन ठेवले. मग बारा नंबरच्या मावशींनी घेवडा ठेवला. मग सात नंबरनं. चार नंबरच्या वहिनींनी तर त्यांच्या वाट्याचं सगळ्यात मोठं गाजर ठेवलं, तीन पायांचं.

"मोजा आबा," मॅडम म्हणाल्या.

आबांनी पहिल्या वाट्यापासून मोजायला सुरुवात केली. हनुवटी हलत होती, पण फार हळू. शेवटच्या कागदापाशी येऊन थांबले.

"चौदा हाईत."

अध्यक्षांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, की जागा भाजीला ठेवण्यात येत आहे.

"म्हंजी," आबांनी विचारलं, "फुडल्या पेरणीला बी हितंच?"

"इथंच. आता कुठं जाता?"

आबांनी काठी बोराला टेकवून उभी केली. खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, एक बूट काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही जोडीनं बांधाला लावून ठेवले. मग खांद्यावरची घोंगडी उतरवली, झटकली, आणि वाफ्याच्या कडेला पुरती उलगडून अंथरली. इतकी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. तिच्यावर ते मांडी घालून बसले आणि शेजारची जागा हातानं साफ केली.

"बसा, पाटलीणबाई."